खोकं नंबर नऊ

लेकीची दहावीची परीक्षा संपली त्या संध्याकाळी बायकोने विचारलं, "पुण्याला आपण तिघं जातोय, की आम्ही दोघी?"

अबूधाबीत मला तेव्हा चौदा वर्षं झाली होती. त्यातली निदान दहा वर्षं मी "अजून दोन वर्षं, मग कायमचं पुण्याला" असं म्हणत आलो होतो, आणि आपण खोटं बोलतोय असं एकदाही वाटलं नव्हतं. लेक अकरावीला पुण्यात जाणार, आई तिच्याबरोबर जाणार, हे ठरलेलं होतं. माझंच ठरत नव्हतं. मी म्हणालो, "बकरी ईदच्या सुट्टीत कुठेतरी जाऊन येऊ. परत येईपर्यंत सांगतो."

"नक्की?"

"नक्की."

मुसफ्फाच्या औद्योगिक वसाहतीतल्या ज्या यार्डात मी क्रेन-ट्रेलरच्या कामांचं वेळापत्रक आखायचो, तिथे कॅरॅव्हॅन म्हणजे साइटवर ऑफिससाठी उचलून ठेवायची पत्र्याची खोली. एक मात्र खरोखरीची, चाकांवरची होती. मायदेशी परतलेल्या एका गोऱ्या इंजिनिअरने ती मागे टाकली होती. आत दोन बाक, एक वीतभर ओटा आणि उघडताना हातात येणारी खिडकी. साहेबांना विचारून ती मी तीन दिवसांसाठी घेतली आणि कंपनीच्या पिकअपला जोडली. पश्चिमेच्या किनाऱ्याने सिलापर्यंत जायचं, सौदीच्या हद्दीअलीकडचं शेवटचं गाव. जायचे तीनशे चाळीस किलोमीटर, यायचे तेवढेच.

सामान भरताना पहिली ठिणगी पडली. आमच्याकडे चांगली वस्तू वापरायची पद्धत नव्हती. सेलमध्ये घेतलेला डिनर सेट, मिक्सर, रजया, टॉर्च, सगळं जसंच्या तसं खोक्यात जायचं आणि खोक्यावर मी मार्करने 'पुणे' आणि नंबर लिहायचो. बेडरूमच्या भिंतीला अशी सतरा खोकी लागलेली होती. कशात काय आहे याची यादी माझ्या पाकिटात असे. बायकोने प्रवासासाठी दोन बर्नरची नवी शेगडी बाहेर काढली, तेव्हा मी म्हणालो, "अगं, ती पुण्याची आहे."

"मग आपण कुठले आहोत?" तिने शेगडी परत ठेवली आणि जुनी, एका बाजूने पेटणारी घेतली.

तरीफ मागे पडल्यावर रस्त्याला सांगण्यासारखं काही उरलं नाही. डावीकडे वाळू, उंटांसाठी घातलेलं कुंपण. उजवीकडे लांबवर समुद्राची फिकट रेघ, मध्येच दिसायची, मध्येच जायची. मिर्फाला थांबून आम्ही थालीपीठं खाल्ली. रुवैसच्या रिफायनरीच्या ज्वाळा भर दुपारी दिसत होत्या. लेक मागे वॉकमन लावून बसली होती. मी बोर्डावरचे आकडे वाचून किती उरलं ते सांगत होतो. दोन-तीनदा ऐकून घेतल्यावर बायको म्हणाली, "माझ्या प्रश्नाला किती किलोमीटर उरलेत?"

मी म्हणालो, सिलाला पोचू, चहा करू, मग बोलू.

रुवैसच्या पुढे समुद्र जवळ आल्यासारखा वाटला. तिकडे गेलेले टायरचे माग दिसत होते. जमीन सपाट, पांढरी, कडक. मी उतरून टाच आपटून पाहिली, चाळीस पावलं चालून पाहिली. चाळीस पावलं माझं वजन तिने पेललं, म्हणून गाडी घातली. तिला सबखा म्हणतात. वर मिठाचा पापुद्रा, खाली चिखल. माणसाचं वजन आणि पिकअपमागे कॅरॅव्हॅन यातला फरक मला कळायला हवा होता; माझं पोटच अशा हिशेबांवर चालतं. दीडशे मीटरवर कॅरॅव्हॅनचं डावं चाक खचलं, मग पिकअपची मागची दोन्ही. पिकअपचा जॅक लावला तर गाडी वर येण्याऐवजी जॅकच खाली गेला.

"ओढायचा दोर आहे ना?" बायकोने विचारलं. "गेल्या वर्षी घेतलात तो, हूकवाला. आणि मोठा जॅक."

"आहे."

"कुठंय?"

"घरी. खोक्यात."

ती माझ्याकडे वळली. मग अगदी शांतपणे म्हणाली, "कुठल्या?"

"नऊ नंबर," मी म्हणालो. यादी बघावी लागली नाही.

लेकीने कानातून वॉकमनचे हेडफोन काढले. "बाबा, यू नो द नंबर?" ती हसायला लागली. आईही हसली. मग आई थांबली, लेकीला थांबायला वेळ लागला.

सव्वादोन तास आम्ही कॅरॅव्हॅनच्या सावलीत बसलो. चहा झाला नाही. शेगडी वाऱ्यात पेटली नाही. मग हायवेवरून एक म्हातारा अरब त्याची पिकअप वळवून आला. त्याने आपली गाडी लांब, पक्क्या जागेवर उभी केली आणि दोन दोर एकमेकांना बांधले. दोन्ही वापरून झिजलेले, गाठींनी भरलेले. "यल्ला, चलो," म्हणाला. आधी आमची पिकअप निघाली, मग कॅरॅव्हॅन. दोर गुंडाळता गुंडाळता त्याने हिंदीत विचारलं, "कितना साल इधर?"

"चौदा."

"बहोत. घर नहीं जाता?"

"जाएगा," मी म्हणालो. "इन्शाल्ला, दो साल में."

तोंडातून गेलं. गेल्यावर ऐकू आलं. बायको दोन हातांच्या अंतरावर उभी होती, चिखलाने भरलेल्या चपला एकमेकींवर आपटत. तिने मान वर केली नाही.

सिला राहिलंच. कॅरॅव्हॅनचं चाक वाकडं फिरत होतं, म्हणून ताशी चाळीसच्या वर न जाता आम्ही परतलो. मी एकदा म्हणालो, "मगाशी मी नुसतं त्याला सांगायचं म्हणून..." ती म्हणाली, "राहू दे. मला सांगितलंत तेही तसंच होतं." त्यात राग नव्हता. राग असता तर बोलता आलं असतं.

जूनमध्ये दोघी गेल्या. खोक्यांतलं एकही तिने नेलं नाही. पुण्यात तिने नवी शेगडी घेतली, मिक्सर घेतला. जवळच्या दुकानातून घेतला आणि त्याच दिवशी त्यात चटणी वाटली, हे तिने फोनवर सांगितलं. त्यानंतर "कधी येताय?" असं तिने विचारलेलं मला आठवत नाही. लेक विचारायची, इंग्रजीत, मग तिनेही सोडलं. कॅरॅव्हॅनची चाकं काढून यार्डात वॉचमनची खोली झाली. आत-बाहेर करताना मला ती रोज दिसे.

घर सोडून मी मुसफ्फाजवळ एका खोलीत राहायला आलो, तेव्हा नऊ नंबरचं खोकं उचलताना खालून फाटलं. जॅकमधलं तेल झिरपून दोरात मुरलं होतं. जॅकचं रबर बोटाने दाबल्यावर भुगा झालं. दोन्ही वस्तू टाकून दिल्या आणि यादीतून खोडल्या. बाकीची सोळा खोकी दोन खेपांत आणली. यादीत नऊ नंबर रिकामा राहिला, तो काही दिवस डोळ्यांना खुपत होता. पुढच्या सेलमध्ये मी एक इस्त्री घेतली, ती खोक्यासकट त्या नंबरात बसली.