चाकाचा ताप

गाडी दुकानासमोर उभी राहिली की काका आधी काही बोलायचे नाहीत. वाकायचे, उजव्या हाताची मागची बाजू पुढच्या चाकाजवळ न्यायचे आणि तसेच थांबायचे, आईने पोराचं कपाळ पाहावं तसे. मग दुसऱ्या चाकाकडे जायचे. मग कमरेवर हात ठेवून सरळ व्हायचे आणि निकाल द्यायचे, "डाव्याले ताप हाये. उजवं चांगलं हाये."

बुलढाण्यात मलकापूर रस्त्यावर, राजूर घाटाचा उतार लागण्याआधी, त्यांचं एका शटरचं दुकान होतं. काम फक्त ब्रेकचं. इंजिनाचं काही विचारलं तर "थे दुसऱ्याचं खातं हाये" म्हणून हात झटकायचे. नावाने त्यांना कोणी ओळखत नव्हतं, ब्रेकवाले काका एवढंच. मी भाड्याची गाडी चालवतो. पेशंट वर दवाखान्यात आणायचे, बरे झाले की खाली मोताळ्याकडे, नांदुऱ्याकडे सोडायचे. बरे नाही झाले तरी सोडायचेच. खरं सांगायचं तर आता त्या वळणांचा कंटाळा आला आहे आणि मागच्या सीटवरच्या कण्हण्याचाही. तुमच्या ओळखीचा एखादा ड्रायव्हर असेल तर त्याला विचारून पाहा. या दगदगीत काकांच्या दुकानापुढचं बाकडं ही माझी बूड टेकायची जागा होती.

कॅलिपर म्हणजे काय, हे त्यांनी मला माझ्याच हातावर शिकवलं. माझं मनगट दोन तळव्यांमध्ये दाबून धरलं.

"हे तुयी चकती, चाकासंगं फिरते. माये हे दोन हात म्हंजे कॅलिपर, तळवे म्हंजे पॅड. तू पायडल दाबलं, ऑइलनं पिस्टन ढकलला, मी धरलं. थांबली का नाई गाडी?"

"थांबली काका. हात दुखून राह्यला."

मग त्यांनी तळवे सैल केले. "आता सोडलं. धरते त कोनीबी बे. सोडते का, थे पाह्य."

हे वाक्य ते दिवसातून कितीतरी वेळा म्हणायचे. गिऱ्हाईक तक्रार घेऊन यायचं की ब्रेक लागत नाही. काका बघायचे की ब्रेक सुटतो का. कॅलिपर दोन पिनांवर मागेपुढे सरकतो. धुळीने, गंजाने पिना अडकल्या की पाय काढला तरी पॅड चकतीला घासतच राहतो. चाक तापतं, ऑइल उकळतं आणि घाटात ऐन वळणावर पायडल पोकळ लागतं. म्हणून काका पिना काढून पुसायचे आणि त्यांना ब्रेकचंच वेगळं ग्रीस लावायचे. साध्या ग्रीसनं रबर फुगतं म्हणायचे. उघडलेला कॅलिपर कधी ऑइलच्या नळीवर लोंबकळू द्यायचे नाहीत. काकूंच्या जुन्या लुगड्याच्या हिरव्या पट्टीने तो वर बांधून ठेवायचे. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती, पट्टी तीच होती.

त्यांचा सगळ्यात वाईट दिवस म्हणजे दसऱ्याचा दुसरा दिवस. आपल्याकडे दसऱ्याला गाडी धुतात, हार घालतात, नारळ फोडतात. तिथवर ठीक. पण हल्लीच्या चाकांना मोठाल्या फटी असतात आणि आत ती चकती चांदीच्या ताटासारखी चमकत असते. मग घरातलं कोणीतरी भक्तिभावाने फटीतून बोट घालून तिच्यावर तेलात कालवलेल्या शेंदराचं स्वस्तिक काढतं. तेल पॅडमध्ये मुरतं आणि ब्रेक घसरायला लागतो. दुसऱ्या दिवशी दुकानापुढे रांग.

"टायरले लावा, बोनेटले लावा, माह्या टकलाले लावा," काका हताश होऊन म्हणायचे. "चकतीले कायले लावता बाप्पा?"

एका वर्षी त्यांनी आधीच पाटी लावली, 'चकतीला तेल शेंदूर लावू नये'. ती वाचून एका बाईंनी विचारलं, "काहो, मंग तूप चालते का?" काका आत जाऊन बसले.

गेल्या दसऱ्यानंतरच्या त्या रांगेतच ते झालं. एक गाडी घाट चढून आली होती. काकांनी चाकाजवळ हात धरला, "थंड हाये" म्हणाले, चाक उतरवलं आणि कॅलिपर उघड्या बोटांनी धरला. मला कातडी जळल्याचा वास आला. त्यांना आला नाही.

"काका, हात! हात काढा!"

त्यांनी बोटांकडे पाहिलं. शेंड्यांवर फोड उठत होते. "साखर हाये न बाबू," ते म्हणाले. "बोटं झोपून राह्यले." हिरवी पट्टी बोटांना गुंडाळली आणि ते पुन्हा पान्याकडे वळले. पाना मीच उचलून दिला. त्या माणसाजवळ त्या हाताशिवाय दुसरं होतं तरी काय!

मी गाडी त्यांच्याकडेच नेत राहिलो. पुढे काही दिवसांनी त्यांनी माझ्या पिना साफ करून दिल्या. मी एक चक्कर मारून आणली. त्यांनी दोन्ही चाकांजवळ हात धरला. "ताप नाई. जाय." मी दवाखान्यातून एक बाळंतीण, तिचं बाळ आणि बाळाची आजी घेतली आणि घाटाला लागलो. दुसऱ्याच वळणावर गाडी डावीकडे ओढू लागली.

"काहो भाऊ, कायचा वास येऊन राह्यला?" आजींनी विचारलं.

"समोरच्या ट्रकचा असन, आजी."

समोर ट्रक नव्हता. मी दुसऱ्या गिअरवर, ब्रेकला जेवढ्यास तेवढा पाय लावत गाडी खाली आणली. बाळ सगळा घाट झोपून होतं. माझा सदरा पाठीला चिकटला होता.

दुसऱ्या दिवशी बाकड्यावर बसलो तेव्हा जीभ रेटत नव्हती. सांगितलं तर या माणसाचं दुकान जाणार. नाही सांगितलं तर उद्या दुसऱ्या कोणाची गाडी तशीच घाटाला लागणार. शेवटी सांगितलं.

"काका, काल डावं चाक तापलं होतं. घाटात."

त्यांनी पाना खाली ठेवला. "कोन होतं गाडीत?"

"बाळंतीण होती. लेकरू होतं."

ते उठले, डाव्या चाकाचा कॅलिपर खोलला, अडकलेली पिन काढून माझ्या हातात दिली आणि मला दाखवत, माझ्याच हाताने ती साफ करून घेतली. "उद्यापासून दुसरा मिस्त्री पाह्य," म्हणाले. दुसऱ्या दिवशी शटर उघडलं नाही. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात.

त्यांना वडनेर भोलजीला लेकीकडे मीच नेऊन सोडलं. सामान एक पिशवी. घाटात प्रत्येक वळणावर त्यांचा पाय माझ्याबरोबर दाबला जात होता. घाट संपला तसे म्हणाले, "थांबव."

सवयीने ते वाकले, हात चाकाजवळ नेला आणि थांबले. मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी माझं मनगट धरलं आणि माझा हात चाकाजवळ नेला.

"सांग."

"ताप नाई काका."

दुसऱ्या चाकाकडे गेलो. "हेबी चांगलं हाये."

"खरं सांगतं न बे?"

"खरं."

बाजूने गाड्या जात होत्या. काकांनी माझं मनगट सोडलं नाही. ते आता चांगलंच दुखायला लागलं होतं. आपण किती घट्ट धरलं आहे हे त्या बोटांना कळत नसावं. मी हात सोडवून घेतला नाही.