बॅटरी बाल्कनीत होती

आधीच सांगून टाकतो... मी इंजिनीअर माणूस, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. या सदरातले गूढ अनुभव मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवायचो आणि खो-खो हसायचो. आज मीच लिहायला बसलोय, म्हणजे आता हसायची पाळी तुमची.

आम्ही मूळचे पुण्याचे. नोकरीमुळे दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या बाजूला सरकारी क्वार्टरमध्ये पहिल्या मजल्यावर राहतो. खाली कडुनिंबाजवळ माझी जीप उभी असते – माझ्याहून वयाने मोठी, विंटेज म्हणून नोंदवलेली. पानिपतच्या एका निवृत्त गृहस्थांकडून हौसेने घेतली आणि तेव्हापासून घरात धुसफूस सुरू झाली. मुग्धा, म्हणजे माझी बायको, तिला सरळ खटारा म्हणायची. "दिल्लीच्या थंडीत ताडपत्रीच्या गाडीत कोण बसतं यार?" हा तिचा प्रश्न. शेवटी मी हात टेकले. गुरगावचा एक जण रविवारी संध्याकाळी जीप बघायला येणार होता.

दुसऱ्या गिअरमध्ये ती फार कण्हायची. गिअरबॉक्सचं तेल बदललं तर आवाज जरा कमी होईल, म्हणून त्याच सकाळी मी कामाला लागलो. थंडीने बॅटरी बसली होती, ती आदल्या दिवशीच काढून वर बाल्कनीत चार्जिंगला लावली होती. हे लक्षात ठेवा.

हँडब्रेक ओढला, आणि माझं पोट आत मावावं म्हणून मागचं एक चाक जॅकवर उचललं. खाली शिरून आधी तेल भरायचं बूच सैल केलं, मग तेल सोडायचं. हा क्रम उलटा झाला आणि वरचं बूच अडकलं, तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसावं लागतं. एवढं आपल्याला कळतं, या खुशीत मी होतो. जानेवारीतलं गार तेल काकवीसारखं सावकाश ट्रेमध्ये पडत होतं. उताणा पडून मी ते बघत राहिलो. खरं सांगायचं तर वाईट वाटत होतं... संध्याकाळी ती जाणार होती.

आणि हॉर्न वाजला.

लांबलचक, घोगरा, सर्दी झालेल्या म्हशीसारखा. माझ्याच जीपचा. अख्ख्या कॉलनीत तसा दुसरा नाही. मी असा दचकलो की कपाळ गिअरबॉक्सवर आपटलं. खाली माणूस असताना हॉर्न दाबायचा, ही काय थट्टा झाली? तणतणत सरपटत बाहेर आलो. सीटवर कुणीच नव्हतं.

"अरे, हॉर्न काय वाजवतोस? शेजारचे झोपलेत," वरून मुग्धा ओरडली. ती बाल्कनीत मेथी निवडत होती.

"मी कुठे वाजवला? मी खाली होतो. तूच..."

"मी? मी इथून वाजवणार?"

आमचं हे चालू असतानाच मागे कट्ट असा आवाज झाला. जॅक कलंडला. जीप धप्पकन खाली बसली, उतारावरून पुढे सरकली आणि कडुनिंबाला टेकून थांबली. तेलाचा ट्रे चाकाखाली पापडासारखा चपटा झाला होता. मिनिटभरापूर्वी माझं डोकं त्याच्या शेजारीच होतं.

चूक माझीच. नंतर वाचून कळलं – या जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, गिअरबॉक्सच्या मागच्या दांड्यावर असतो. मागचं एक चाक उचललं की ते मोकळं फिरतं आणि ब्रेक गाडीला धरतच नाही. चाकांना विटा लावायला हव्या होत्या. ते मला ठाऊक नव्हतं.

मी मान वर केली. मुग्धा पांढरीफटक पडली होती. तिच्या पायाशी चार्जरला लावलेली बॅटरी होती. आम्हा दोघांच्या ते एकदमच लक्षात आलं.

ऑफिसातल्या मित्रांनी नंतर तारा चिकटल्याच्या, शॉर्ट सर्किटच्या थिअऱ्या मांडून झाल्या. पण बॅटरीच नाही तर करंट येणार कुठून? आणि हॉर्न मी एकट्याने ऐकला नव्हता.

त्याच संध्याकाळी तो गुरगाववाला आला. मी तोंड उघडायच्या आत मुग्धाच त्याला म्हणाली, "भैया, सॉरी. गाड़ी नहीं देनी."

तो गेल्यावर ती मला म्हणाली, "बॅटरी लाव."

मी लावली. आयुष्यात पहिल्यांदा ती आपणहून जीपमध्ये चढली, माझ्या सीटवर बसली आणि तिने हॉर्न दाबला. तोच घोगरा आवाज.

"हाच होता," ती म्हणाली. मग स्टिअरिंगवर डोकं टेकून खूप रडली, आणि बराच वेळ खाली उतरायलाच तयार नव्हती.