लेथला बसवलेला खटका

थोरलीला मेकॅनिकलच्या पुढच्या शिक्षणासाठी दोन ठिकाणी प्रवेश मिळाला होता. एक विद्यापीठ खूप दूर; तिथे घर्षणावर काम करणारी मोठी प्रयोगशाळा. दुसरं गावातलंच संध्याकाळचं कॉलेज, तिथली यंत्रं बाबांच्या वर्कशॉपातल्या यंत्रांपेक्षाही म्हातारी. यातून निवडायला काही डोकं लागत नव्हतं. अडलं होतं ते बाबांच्या लेथपाशी, लोखंडी दांडे कातायच्या यंत्रापाशी.

बाबांची नजर अधू झालेली. हत्यार नेमकं कुठे थांबवायचं, हे थोरलीच बघायची. बाबा म्हणायचे, "तू खुशाल जा गं, इथलं मी बघेन." बघेन म्हणे!

मग तिने सुट्टीभर खपून लेथला एक खटका बसवला. हत्यार खुणेवर पोचलं की यंत्र आपोआप बंद. बाबांनी एकट्याने पहिला दांडा कातला, बोटांनी चाचपला आणि गहिवरून म्हणाले, "सुटलीस बघ पोरी!"

पण बाबांच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ. खटक्याची कीर्ती गावभर झाली. विद्यापीठाला होकार कळवायच्या दिवशीच पंपांचा कारखानदार वर्कशॉपात येऊन बसला.

"असे खटके माझ्या सगळ्या यंत्रांना हवेत," तो थोरलीला म्हणाला. "दोन वर्षांचं काम आहे. बाबांनी शब्द दिलाय."

"बाबा, मी जाणार आहे ना?"

"अगं, संध्याकाळचं कॉलेज आहेच की," बाबा हसत म्हणाले. "शिक्षणही होईल, घरही सुटणार नाही." कितीतरी वर्षांनी ते असे ताठ बसले होते. तिला त्यांचा भयंकर राग आला, आणि त्या ताठ पाठीकडे बघून तिने तो गिळला. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता. विद्यापीठाला तिने नकार कळवला.

कारखान्यातला पहिला खटका बसवताना मात्र तिच्या मनात पाप आलं. स्प्रिंग जराशी ढिली ठेवली की झालं! यंत्र खुणेपुढे जाईल, कारखानदार 'नकोत हे खटके' म्हणून हात जोडेल, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येईल. तिने स्प्रिंग ढिली केली. यंत्र खुणेच्या केसभर पुढे जाऊन थांबलं. ते तिला बघवेना. कुणी यायच्या आत तिने पाना घेतला आणि स्प्रिंग नीट आवळली.

कारखानदाराने तपासून पाहिलं, मान डोलावली आणि बाबांना म्हणाला, "माझ्या भावाच्या कारखान्यालाही असेच हवेत."

"देऊ की," बाबा म्हणाले.