न केलेल्या फवारणीचा जबाब

अन्याय माझ्या काकूवर झाला. बीटी कपाशीत गुलाबी बोंडअळी शिरली त्याच्या पुढच्या वर्षी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, सरकारी दवाखान्याच्या खाटेवर. करणाऱ्यांत मीही होतो.

पोळ्याच्या दिवशी ती फवारणीचं औषध प्याली. वाचली. दुसऱ्या दिवशी सकाळी शुद्धीवर आली, अन् अकराला पोलीस जमादार कागद घेऊन हजर. पोटात विष म्हणजे पोलिसांत कळवावंच लागतं. अशा वेळचं एक वाक्य आमच्या भागात ठरलेलं आहे: फवारताना तोंडात गेलं. घरच्यांना वाटतं आत्महत्येच्या प्रयत्नाची केस टळली, पोलिसाचंही एका पानात उरकतं. ते वाक्य मीच सकाळपासून काकूकडून घोकून घेत होतो.

"फवारून राह्यल्या होत्या ना, काकू?" जमादारानं उत्तरच पुढं केलं.

"नाही रे भाऊ. मले जगायचंच नव्हतं."

काका हसला. "औषध डोक्यात चढलं तिच्या, साहेब. लिहा तुमी."

"बायामाणसं कवापासून फवारून राह्यली बे?" जमादार माझ्याकडं बघून म्हणाला, अन् लिहीतच राहिला.

आमच्याकडं पंप गडी पाठीवर घेतात, बाया पाणी वाहतात. काकूच्या लुगड्यावर औषधाचा एक डाग नव्हता. डॉक्टरांनी ते पाहिलं, तरी केसपेपरवर 'अपघाती विषबाधा' लिहिलं. अपघाताला मनाचा डॉक्टर लागत नाही. तीन दिवसांत सुट्टी.

हे सगळं केसच्या भीतीनं. अन् कायदा तर आधीच बदलला होता: असा माणूस भयंकर ताणाखाली होता असंच धरायचं, खटला भरायचा नाही, उपचार सरकारनं द्यायचे. बीबी गावच्या बाजारात शेतकरी चळवळीची, बियाण्याबद्दलची पत्रकं वाटत फिरणाऱ्या मला हे ठाऊक नव्हतं. हीच माझी चळवळ!

होळीपासून तिला झोप नव्हती. काऊन, हे आजवर कुणी विचारलं नाही. औषधाचे डबे आम्ही कुलपात घातले, तेवढाच तिचा इलाज. जिल्ह्याच्या दवाखान्यात चल म्हणतो, तर म्हणते, "काहाले? कागदावर तं मले काहीच झालं नाही."

तुमच्या घरात हे घडलं तर त्या बाईच्या तोंडात वाक्य कोंबू नका. ती सांगते तेच केसपेपरवर लिहून घ्या. मनाचा डॉक्टर खाटेपाशी आल्याशिवाय सुट्टीच्या कागदावर सही करू नका.