चार दिवस पुढं गेलेलं घड्याळ

दुपारी जेवण झालं की दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढायचं आणि खुर्चीतच दहा मिनिटं डोळे मिटायचे, ही सवय मला सासऱ्यांनी लावली. हे घड्याळदुरुस्तीचं कामही त्यांनीच शिकवलं. आज मात्र झोप कसली येतेय! समोर साफसफाईला आलेलं मगदूमांचं स्विस घड्याळ पडलंय. थोरले मगदूम गेल्यावर मुलाकडं राहिलेलं. उद्या निशिकांत मगदूम ते घालून बोहल्यावर चढणार, आज पाचला न्यायला येणार. आणि मी शहाणी, तारीख लावताना चावी फिरवत बसले नि चार दिवस पुढं नेऊन ठेवली. आज बारा तारीख, घड्याळात सोळा. महिना किती दिवसांचा ते स्वतःच ओळखणाऱ्या असल्या घड्याळाची तारीख पुढं जाते, मागं येत नाही. तरी जोर लावून बघू, कुणाला कळतंय, असं मनात म्हणते आणि मान कलते.

"कुंदा, हात काढ."

मामंजी! जाऊन सहा वर्षं झाली, पण स्वेटर तोच, कोपरावर उसवलेला. पाया पडायला वाकते तर पायाखाली बर्फ. सांगलीत बर्फ! दुकानाच्या पायऱ्या उतरून आम्ही एका लाकडी घरात येतो. खिडकीला लागून लांब टेबल, त्यावर चार-पाच शेतकरी वाकलेले. गोठ्यात गाई हंबरतायत.

"स्वित्झर्लंड," मामंजी सासुरवाडी दाखवावी तसं सांगतात. जन्मात पुण्यापलीकडं गेले नव्हते. "हिवाळाभर रस्ते बंद. मग ही माणसं खिडकीपाशी बसून चाकांचे दात घासायची. आधी तारखेला काटा होता, नंतर तिला तबकडीत छोटी खिडकी मिळाली. पण कुठला महिना तीसचा नि कुठला एकतीसचा, हे घड्याळाला कोण सांगणार? हे बघ."

माझ्या तळहातावर हरभऱ्याएवढं चाक. कडेला खाचा.

"यात अठ्ठेचाळीस महिने आहेत. चार वर्षांत एक फेरा. तीसच्या महिन्याला खाच खोल, फेब्रुवारीला त्याहून खोल, आणि चौथ्या फेब्रुवारीला किंचित कमी. दांडा खाचेत उतरतो नि घड्याळाला महिना कळतो. बस्स. ना वीज, ना काही."

"कमाल आहे हो माणसांची!" माझ्या डोळ्यांत खरंच पाणी येतं. मग राहवत नाही म्हणून म्हणते, "आता आपला अधिक महिना बसवून दाखवा म्हणावं."

"पंचांग बघून घेरी येईल बिचाऱ्यांना." ते हसतात.

टेबल आता आमच्या स्वैपाकघरातलं आहे. शेतकरी नाहीत. मामंजी मान वर करत नाहीत.

"मी एकदा मागं फिरवलं होतं, कुंदा."

"तुम्ही?"

"असंच घड्याळ. दात तुटला. मालकाला म्हटलं, आणलंत तेव्हाच तुटलेला होता. तो माझी माफी मागून गेला."

अख्खी बाजारपेठ या माणसाच्या शब्दावर घड्याळं सोडून जायची. मीही त्यांना देवाच्या जागी मानत आले. आणि आश्चर्य म्हणजे अजूनही मानते, उलट जास्तच.

"मग मी काय करू?"

"चावी ओढ. थांबव त्याला. चार दिवस गप्प बसू दे, तारीख आपोआप त्याच्यापाशी येईल. आणि त्या मुलाला सांग."

"अहो, लग्न आहे उद्या त्याचं!"

"मग काय, बापाचं घड्याळ मोडून देतेस आहेर म्हणून?"

भिंतीवरची सगळी घड्याळं पाचचे ठोके देतायत. डोळे उघडते. समोरच्या घड्याळाची चावी बाहेर ओढलेली, सेकंदकाटा थांबलेला. झोपेत माझाच हात गेला असेल. शटरखालून वाकून निशिकांत आत येतो आणि माझ्याकडं बघतच राहतो.

"काकू, डोळ्याला काय झालं?"

बोट लावून बघते. डाव्या डोळ्याभोवती भिंगाचं कडं उमटलंय, चांगलं खोल. मी भिंग उजव्या डोळ्याला लावते. डाव्याला लावायचे ते मामंजी.

"बस रे बाबा," मी म्हणते. "घड्याळ आज मिळणार नाही. तू दिलंस तेव्हा ते अगदी बरोबर होतं. चूक माझी आहे."