मळखाऊ

मिस्त्रीनं सिंकमागची तिसरी टाइल उचकटली आणि आम्ही सगळे दोन पावलं मागे सरलो. भिंतीवर काळा, ओला, बोटभर जाडीचा थर होता. चिखल म्हणावा तर तो तेलकट होता, तेल म्हणावं तर त्याला केस होते. झुरळांच्या अंड्यांच्या तपकिरी डब्या ओळीनं चिकटल्या होत्या. एक जिवंत झुरळ उजेडानं गोंधळून बाहेर आलं, आमच्याकडे बघून त्याला आपलंच घर बरं वाटलं असावं, परत आत शिरलं. आणि वास! आठवडाभर बादलीत विसरलेल्या पोतेऱ्याचा असतो तसा. अशी कामं करण्यात केस पिकलेला तो मिस्त्रीसुद्धा हातोडी ठेवून खिडकीत जाऊन उभा राहिला.

भाऊजींनी, म्हणजे माझ्या ताईच्या नवऱ्यानं, नाकाला रुमाल लावला.

"शी! एवढं सगळं तुझ्या स्वयंपाकघरात होतं?"

ताई त्या थराकडे एकटक बघत होती. "घाण निघाली की स्वयंपाकघर माझं," ती म्हणाली. "टाइल निवडायची वेळ आली की सगळ्यांचं."

ताई एका मोठ्या इस्पितळाच्या लाँड्रीत बत्तीस वर्षं होती. गेल्याच महिन्यात निवृत्त झाली. तिथे चादरी, अभ्रे, टॉवेल सगळं पांढरं. मशीनमध्ये टाकण्याआधी प्रत्येक चादर टेबलावर पसरायची, डाग शोधायचा आणि त्याच्याभोवती पेन्सिलीनं गोल काढायचा, म्हणजे धुणाऱ्याच्या नजरेतून तो सुटत नाही. रक्त, पू, ओकारी, काय वाट्टेल ते. एकदा नवीन साहेब आले आणि म्हणाले, चादरी निळ्या करू या, डाग कमी दिसतील. ताईनं त्यांना सांगितलं, "साहेब, दिसले नाहीत म्हणून ते कमी होत नाहीत. तुमच्या आईला अशा चादरीवर झोपवाल का?" चादरी पांढऱ्याच राहिल्या.

घरी मात्र सगळं मळखाऊ. हा तिच्या सासूबाईंचा लाडका शब्द. पडदे मळखाऊ, सोफ्याची कव्हरं मळखाऊ, पायपुसणी तर इतकी मळखाऊ की त्यांचा मूळ रंग कोणता यावर घरात दोन मतं होती. स्वयंपाकघराच्या टाइल्सही त्यांनीच निवडलेल्या, गडद तपकिरी, वर मातकट फुलं. "मळ पोटात घालतात," असं त्या कौतुकानं सांगायच्या. ताई म्हणायची, "मलाही तेच बघून पसंत केलं. कितीही टाका, वर काही दिसत नाही."

सासूबाई जाऊन आठ वर्षं झाली. टाइल्स राहिल्या. ताई रोज रात्री त्या घासायची आणि रोज तिला वाटायचं, आपण घासतोय ते स्वच्छ झालं की नाही, कसं कळायचं? बत्तीस वर्षांत तिनं त्या घराकडे एकच गोष्ट मागितली होती, खालपासून छतापर्यंत पांढऱ्या टाइल्स आणि उरलेल्या भिंतीला पांढरा रंग. भाऊजींनी शब्दही दिला होता. "तू निवृत्त हो, स्वयंपाकघर तुझ्या मनासारखं."

दुकानात गेलो तेव्हा ताई, भाऊजी, भाचा आणि मी असे चौघं होतो. सेल्समन गुळगुळीत होता, बहुधा त्याच्या टाइल्सची संगत लागलेली. त्यानं भाऊजींना हेरलं आणि एका काळपट तपकिरी टाइलपाशी नेलं.

"काका, ही सध्या जोरात आहे. हिच्यावर वर्षभर फडकं नाही मारलं तरी कळत नाही."

"वा!" भाऊजी म्हणाले. "ह्याला म्हणतात शोध."

ताईनं पर्समधून स्वतःचा पांढरा रुमाल काढला आणि भिंतीवर लावलेल्या त्या टाइलवरून फिरवला. रुमाल काळा झाला. तिनं तो सेल्समनच्या नाकासमोर धरला. "खरंच कळत नाही हो."

तो कसनुसा हसला. भाच्यानं तिला बाजूला घेतलं. "आई, पांढरी टाइल नको गं. सार्वजनिक मुतारी वाटते."

"मुतारीत निदान लोक पाणी तरी ओततात. तू जेवलेलं ताट सिंकमध्ये ठेवून त्याकडे तीन दिवस बघत नाहीस."

"मावशी, सांग ना तिला!"

"मी काय सांगू?" मी म्हटलं. "तुझा मोजा मागच्या खेपेला मीच फ्रीजमागून काढला होता. तो उभा राहत होता."

भाऊजी मात्र शांत होते. "घाईत निवडू नये," म्हणाले. "ही नमुन्याची एक टाइल घरी नेऊ. चार दिवस डोळ्यासमोर राहील." ताई पांढऱ्या टाइलवर बोट ठेवून आली, नंबर कागदावर लिहून दिला, आणि आम्ही निघालो. भाऊजी पाच मिनिटं मागे रेंगाळले. चप्पल सापडत नव्हती म्हणे.

काम चालू असेपर्यंत स्वयंपाक बाल्कनीत, एका शेगडीवर. भाऊजींनी ती तपकिरी टाइल शेगडीमागे उभी करून ठेवली. रोज सकाळी चहाचा कप घेऊन येत आणि म्हणत, "बघ. कालच्या फोडणीचा थेंब दिसतोय? नाही दिसत! दृष्टीआड सृष्टी." ताईनं त्या टाइलला हात लावला नाही. फरशी पुसायची, शेगडी पुसायची, टाइल सोडून द्यायची. मला वाटलं रागानं. पंधरा दिवस झाले. तेल उडत होतं, दूध उतू जात होतं, खाली रस्त्याची धूळ होती. रात्री त्या टाइलवर काय काय चालत जात असेल ते मला बघायचं नव्हतं.

सोळाव्या दिवशी टाइल्सच्या पेट्या आल्या. मी तेव्हा तिथेच होते. मिस्त्रीनं भिजत घालायला टब भरून ठेवला होता. त्यानं पेटीवरची चिठ्ठी वाचली, एका पेटीच्या फटीतून आत बघितलं आणि ताईकडे.

"वहिनी, तुम्ही पांढऱ्या म्हणाला होतात ना?"

आत तपकिरी होत्या. चप्पल शोधायला लागलेली पाच मिनिटं त्या पेट्यांत होती.

भाऊजी पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला नाही. "अगं, तुझ्याच भल्यासाठी. आता या वयात कुठे रोज घासत बसणार? सवय झाली की आवडेल."

मला वाटलं, संपलं. ताई ही गोष्टसुद्धा पोटात घालणार. मिस्त्रीनं पेटीची पट्टी कापायला पाती उचलली. ताई म्हणाली, "भाऊ, थांबा थोडं. यांची न्याहारी व्हायची आहे."

ती बाल्कनीत गेली. अंडं फोडल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिच्या हातात ती नमुन्याची टाइल होती, पंधरा दिवस शेगडीमागे उभी असलेली. तिच्यावर दोन पाव आणि मधोमध अर्धकच्चं अंडं, पिवळा बलक थरथरणारा. तिनं ती टाइल भाऊजींच्या पुढ्यात ठेवली.

"हे काय?"

"न्याहारी."

"ताट कुठाय?"

"हेच. स्वच्छ आहे. रोज तुम्हीच तपासता."

"वेड लागलंय का तुला? पंधरा दिवसांचं तेल आहे त्याच्यावर! परवा पाल बसली होती, मी बघितली!"

"दिसतंय का काही?"

"दिसत नाही म्हणून काय..." भाऊजी म्हणाले आणि तिथेच थांबले.

अंड्याचा पांढरा भाग हळूहळू कडेला सरकत होता. जिथून सरकला तिथे एक करडी, चिकट रेघ त्याच्यात मिसळत गेली. भाऊजींनी तोंड फिरवलं. मीही, खोटं कशाला बोलू.

"खा," ताई म्हणाली. "बत्तीस वर्षं मी अशाच भिंतीला तोंड करून तुमचं जेवण केलं. मला आत काय आहे ते रोज माहीत होतं. तुम्हाला दिसत नव्हतं, एवढाच फरक. हे पाव खाल्लेत तर लावू द्या मिस्त्रींना. मी एक शब्द बोलणार नाही."

भाऊजींनी पावाकडे बघितलं. खरंच हात पुढे केला. पावाची कड बोटाला लागली, बोट चिकटलं, आणि त्यांनी हात झटकून मागे घेतला.

मिस्त्री दाराच्या चौकटीला टेकून सगळं बघत होता. "साहेब," तो म्हणाला, "पट्टी कापलेली नाही. न उघडलेल्या पेट्या दुकान बदलून देतं."

"मग बघतोस काय," भाऊजी पेपरमध्ये तोंड घालून म्हणाले. "फोन कर."

महिन्याभरानं मी ते स्वयंपाकघर बघायला गेले. खालपासून वरपर्यंत पांढरं. शेजारच्या भिंतीला रंगारी हस्तिदंती, मोतिया असं बरंच काही सुचवत होता म्हणे. ताईनं रंगांच्या पुस्तकाचं पहिलंच, पांढरं पान उघडं ठेवून पाठ फिरवली. उजेड इतका की मी डोळे बारीक केले. मग भिंत नीट दिसायला लागली, आणि भिंतीवरचे गोल. बटणाशेजारी चहाच्या अंगठ्याचा ठसा, त्याभोवती पेन्सिलीचा गोल. फ्रीजच्या दाराजवळ लोण्याची चार बोटं, गोल. खाली दारामागे बूट टेकवल्याचा काळा घसरा, मोठा लंबगोल. सिंकवर कुणीतरी खाकरून थुंकलेलं उडालं होतं. त्याभोवती दोन गोल.

"हा अंगठा कुणाचा?" मी विचारलं.

"ज्याचा आहे तो आत आहे," ताई म्हणाली आणि हाक मारली, "अहो!"

भाऊजी ओलं फडकं घेऊन आले. त्यांना सांगावं लागलं नाही, म्हणजे ही रोजची हजेरी असावी. अंगठा पुसला, लोणी पुसलं. सिंकपाशी आल्यावर नाक मुरडून म्हणाले, "मेहुणीबाई, हसू नका. किळस येते हो हे पुसायला."

"येते ना?" ताई म्हणाली. ती खुर्चीत बसून चहा पीत होती. त्या खोलीत बसून चहा पिताना मी तिला पहिल्यांदाच बघत होते.

भाऊजींनी श्वास रोखून ते पुसलं आणि फडकं लांब धरून निघाले.

"अहो," ताई म्हणाली, "गोल राहिले. तेही पुसा. उद्या नवीन काढायला जागा लागेल."