उलट्या खुर्चीतल्या बाई

बाई तालमीला खुर्ची उलटी करून बसायच्या. नट हॉलच्या एका टोकाला आणि बाईंचं तोंड समोरच्या भिंतीकडे. आमच्या वाट्याला त्यांची पाठ आणि पांढरी वेणी. वाक्य पटलं नाही की भिंतीकडूनच आवाज यायचा, "मळ्ळी."

बाईंच्या घरची भाषा तेलुगू. मळ्ळी म्हणजे पुन्हा. सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्याला हे सांगावं लागत नाही, आणि बाहेरून आलेल्याला आमच्या नाट्यमंडळात पहिल्याच संध्याकाळी कळायचं. वाक्य खरं वाटलं तर मात्र खुर्ची कुरकुरायची आणि बाई वळून बघायच्या. त्या एका कुरकुरीसाठी आम्ही काय वाट्टेल ते करायला तयार असायचो.

बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. दर मे महिन्यात त्याच शाळेच्या हॉलमध्ये त्या मुलांसाठी एक जादूचं नाटक बसवायच्या. लिहायच्याही त्याच. कामं करणारे आम्ही मोठेच, दिवसभर आपापल्या नोकऱ्या करून येणारे. मी चादरींच्या दुकानात काउंटरवर असतो. आवाज बरा, उच्चार स्वच्छ, उंचीही आहे. हे मी नाही, गिऱ्हाइकं म्हणतात.

त्या वर्षीच्या नाटकात एक राजपुत्र होता. राज्य गमावून तो डोंगरावरच्या एका खडूस जादूगाराकडे विद्या शिकायला जातो. जादूगार त्याचा उठता-बसता पाणउतारा करतो आणि तो सोसून सोसून राजपुत्र शेवटी राक्षसाला पुरून उरतो. राजपुत्र मीच, हे मी दुकानात सगळ्यांना सांगून बसलो होतो. केसही वाढवले होते.

आणि मोहोळहून टेम्पो घेऊन तौफीक आला. नाटकाच्या पडद्यांचं सामान उतरवायला आलेला पोरगा. बाईंनी सहज म्हणून त्याला दोन वाक्यं वाचायला लावली. तो शर्टाच्या कॉलरमध्ये तोंड घालून वाचल्यासारखं वाचला. आम्ही हसलो. बाई हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी राजपुत्र तौफीक झाला आणि मला जादूगाराची दाढी मिळाली. सोलापूरच्या मे महिन्यात दाढी लावून बघा एकदा, म्हणजे माझं दुःख कळेल.

तौफीकचं एक वाक्य होतं. जादूगार त्याला हाकलून देतो तेव्हा तो म्हणतो, "मी जाणार नाही." बस, एवढंच. या तीन शब्दांसाठी बाईंनी त्याला उभा सोलला. तोंडात भजी हाय का तुज्या, म्हणायच्या. भिंतीला ऐकू येईना, राक्षसाला काय येणार, म्हणायच्या. कधी हॉलबाहेर मैदानात उभं करून तिथून बोलायला लावायच्या. येणारेजाणारे थांबून बघायचे. पोरगा नळावर जाऊन तोंड धुऊन यायचा, आणि बाई पाठमोऱ्याच म्हणायच्या, "मळ्ळी."

सगळ्यांना त्याची दया यायची. मला त्याचा हेवा वाटायचा. कारण माझा प्रवेश आला की बाई खुर्चीवरून उठायच्या, कोपऱ्यात जाऊन राजपुत्राच्या मुकुटाला जरीची पट्टी शिवत बसायच्या आणि मी थांबलो की म्हणायच्या, "चांगलं हाय. पुडं."

चांगलं हाय. हे दोन शब्द मला कोणी शिवी म्हणून दिले असते तर बरं वाटलं असतं. तुम्हीही कुठेतरी शिकायला गेला असाल, तर तुम्हाला ठाऊक असेल. मास्तर ज्याला झोडपतो त्याच्याकडे त्याचं लक्ष असतं. ज्याला चांगलं म्हणून सोडून देतो, तो सुटतो.

मी उपाय करून पाहिला. एक दिवस मुद्दाम उशिरा गेलो, शब्द खाल्ले, अर्ध्यात वाक्य विसरल्याचं सोंग केलं. आता बसणार शिव्या, म्हणून कान टवकारून उभा राहिलो. बाईंनी मुकुटावरून मान वर केली. म्हणाल्या, "आज लई दमलास जणू. बस की जरा, पाणी पी." तौफीकनेच तांब्या आणून दिला. वर "दादा, फॅन लावू का?" असंही विचारलं. त्या दिवशी त्याच्याइतका वाईट माणूस मला जगात दिसत नव्हता.

प्रयोग जवळ आला तरी त्याच्या तीन शब्दांत जीव येईना. अखेरच्या तालमीत जादूगार त्याला हाकलतो तो प्रवेश चालू होता, त्यामुळे बाई खुर्चीत होत्या, पाठमोऱ्या. मी माझं वाक्य म्हणालो आणि थांबलो नाही. नाटकात नसलेलं बोलत सुटलो. टेम्पो चालव म्हणालो. तुझी ही जागा नव्हे, लायकी नसताना येऊन बसलास म्हणालो. चालता हो म्हणालो. हे नाटक नाही, हे तिथल्या सगळ्यांना कळलं होतं. तौफीकलाही.

मी खुर्चीकडे बघत होतो. इतकं खरं मी आयुष्यात बोललो नव्हतो. आता वळणार, आता वळणार.

खुर्ची वळली नाही. तौफीकने कॉलरमधून मान बाहेर काढली, माझ्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाला, "मी जाणार नाही." आवाज चढवला नाही त्याने. पण तो आवाज मैदानापर्यंत गेला असणार.

मग खुर्ची कुरकुरली. बाई वळल्या आणि त्याच्याकडे बघत राहिल्या, बराच वेळ. नंतर माझ्याकडे नजर गेली तेव्हा म्हणाल्या, "चांगलं हाय."

पुढचं तुम्ही पाहिलंच असेल. तौफीक पुण्याला गेला, तिथून मुंबईला, आणि आता मोबाईलवरच्या एका मालिकेत तलवार घेऊन ड्रॅगनशी लढतो. मुलाखतीत त्याला विचारतात, एवढा आत्मविश्वास कुठून आला. तो सांगतो, सोलापूरला एक बाई होत्या, भिंतीकडे तोंड करून बसायच्या. मी ते काउंटरवर चादरींच्या घड्या घालता घालता ऐकतो. जादूगाराचा उल्लेख अजून एकदाही आलेला नाही.

गेल्या वर्षी बाई घरात पडल्या आणि अंथरुणाला खिळल्या. भेटायला गेलो. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर राहवलं नाही, विचारलंच. "बाई, तुम्ही मला कधीच का बोलला नाहीत?"

त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाल्या, "त्यो जाणार न्हाय, हे मला ठावं हुतं. तू गेला असतास."

मी चहा न घेता उठलो. घरी येईपर्यंत रागाने कान तापले होते. रात्री जेवताना लक्षात आलं, की बाई मला पहिल्यांदाच बोलल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुकान अर्ध्यात सोडून पुन्हा गेलो. मला दारात बघून बाईंनी सुनेला हाक मारली आणि म्हणाल्या, मला भिंतीकडं वळव. सुनेने मोठ्या जपून त्यांना कुशीवर केलं. दुखलं असणार, पण त्या कण्हल्या नाहीत. माझ्याकडे पाठ झाल्यावर म्हणाल्या, "म्हण आता. राजपुत्राचं."

मला घाम फुटला. हे वाक्य मी इतकी वर्षं आरशासमोर म्हणत आलो होतो.

"मी जाणार नाही," मी म्हणालो.

"मळ्ळी."

पुन्हा म्हणालो. पुन्हा मळ्ळी. सून चहा घेऊन आली, तसाच परत घेऊन गेली. माझा आवाज चिरकला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी भिंतीकडून मळ्ळीच येत होतं. शेवटी बाईंना झोप लागली. वळल्या काही नाहीत.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बाई गेल्या. तौफीक मुंबईहून आला होता. धाय मोकलून रडला. सगळे त्याच्याभोवती जमले, तुझ्यावर फार जीव होता रे त्यांचा, म्हणाले. मी मागे चपलांजवळ उभा होतो. असेलही तसं. पण बाईंची शेवटची मळ्ळी माझी होती, हे मी तिथे कोणाला सांगितलं नाही.

आता तुम्हाला सांगितलं. त्याला सांगू नका.